नव्या तुकडीचे भाकीत आणि संभाव्यतेचे गणित

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांमध्ये दरवर्षी शाळा संपवून आलेल्या मुलांची नवी तुकडी दाखल होते, आणि तिच्यातील एकाही मुलाने विद्यापीठाच्या मैदानावर पहिला सामना खेळण्यापूर्वीच ती तुकडी किती चांगली आहे याचा निकाल चाहत्यांनी लावून टाकलेला असतो. फुटबॉल म्हणजे येथे अंडाकृती चेंडूने, हेल्मेट आणि खांद्यांवर संरक्षक पट्टे चढवून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. टेक्सास किंवा मिशिगनमध्ये शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना या खेळाचे नियम कळायला वेळ लागतो, पण शनिवारी सगळे गाव एकाच रंगाचे कपडे घालून मैदानाकडे का निघाले आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळते. कोणत्या विद्यापीठाकडून खेळायचे याच्या करारावर खेळाडूंनी सह्या करण्याचा पारंपरिक दिवस म्हणजे फेब्रुवारीतील पहिला बुधवार. 2017 पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या आणि आता बहुतेक मुले तेव्हाच मोकळी होतात. सही करणारा मुलगा 17-18 वर्षांचा असतो आणि त्याच्या खेळाचा खरा बहर आणखी तीन-चार वर्षांनी यायचा असतो. एवढ्या आधी केलेले भाकीत कितपत खरे ठरते, हा प्रश्न खेळाचा आहे तितकाच संख्याशास्त्राचाही आहे.

मूल्यमापनाची पद्धत वरवर सोपी आहे. काही व्यावसायिक संस्था देशभरातील शालेय खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत स्टार देतात. पाच स्टार मिळणारी मुले वर्षाला तीसेक असतात, चार स्टारची काही शे, आणि तीन स्टारची त्याहून कितीतरी अधिक. शाळांमधून हा खेळ खेळणाऱ्या मुलांची एकूण संख्या दहा लाखांच्या घरात आहे हे लक्षात घेतले, तर तीन स्टार मिळवणाराही मोठ्या चाळणीतून पार झालेला असतो. या संस्थांच्या गुणांची सरासरी काढून प्रत्येक खेळाडूचा एकत्रित गुणांक ठरतो आणि त्यावरून संपूर्ण तुकडीचा क्रमांक लागतो. यातली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत सगळ्यांच्या गुणांची सरळ बेरीज करत नाही. संघातील सर्वोत्तम खेळाडूचा गुणांक तीत जवळजवळ पूर्ण मोजला जातो, आणि पुढे प्रत्येकाचे वजन घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे घटत जाते. त्यामुळे तीस साधारण मुले गोळा करून कोणालाही पहिला क्रमांक गाठता येत नाही, आणि यादीच्या शेवटी आणखी एक नाव जोडल्याने फारसा फरकही पडत नाही.

अनेकांच्या मतांची सरासरी घेण्यामागे भक्कम कारण आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1907 साली प्लिमथच्या जत्रेतील एका स्पर्धेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. 787 वाचता येण्याजोग्या चिठ्ठ्यांमधला मधला आकडा 1,207 पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन होते 1,198 पौंड, म्हणजे चूक एका टक्क्याहूनही कमी. कोणी जास्त सांगितले, कोणी कमी, आणि चुका परस्परांना खोडत गेल्या. मात्र यासाठी एक अट आहे: प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे केलेला असला पाहिजे. फुटबॉलच्या यादीत नेमकी हीच अट ढिली पडते. एखाद्या मुलाला अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बलाढ्य विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, की मूल्यमापन करणारे त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहतात, आणि त्याचे स्टार वाढण्याची शक्यताही वाढते. मग चाहते म्हणतात, आमच्या प्रशिक्षकांनी किती चांगली मुले निवडली ते पाहा, त्यांचे स्टारच सांगतात. प्रशिक्षकांचे मत अशा वेळी दोनदा मोजले गेलेले असते. ते मत बहुधा बरोबर असते हे मान्य केले, तरी दोन साक्षीदार आणि एकाच साक्षीदाराची दोनदा लिहून घेतलेली जबानी यांत फरक राहतोच.

स्टारचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणाऱ्यांकडे नावांची यादी तयार असते. जोश ॲलन हा कॅलिफोर्नियातील शेतकरी कुटुंबातला मुलगा. शाळा संपली तेव्हा वरच्या श्रेणीतील एकाही विद्यापीठाने त्याला बोलावले नाही. त्याने रीडली येथील दोन वर्षांच्या महाविद्यालयात एक हंगाम काढला, तेथून तो वायोमिंग विद्यापीठात गेला, 2018 मध्ये व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे 2024 च्या हंगामात लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. जे. जे. वॉट दोन स्टारचा. सेंट्रल मिशिगनकडून सुरुवात करून तो शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिनला गेला, जागा बदलून बचावफळीत खेळू लागला आणि लीगचा सर्वोत्कृष्ट बचावपटू म्हणून तीनदा गौरवला गेला. ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. व्यावसायिक लीगमध्ये तीन किंवा त्याहून कमी स्टारचे खेळाडू पुष्कळ दिसतात, कारण मुळात त्यांची संख्याच प्रचंड आहे. मोजायचे ते प्रमाण. पाच स्टारच्या मुलांपैकी साधारण निम्मी पुढे ड्राफ्टमध्ये निवडली जातात, चार स्टारपैकी अंदाजे पाचात एक, आणि तीन स्टारच्या बाबतीत हे प्रमाण त्याहून बरेच खाली येते. पायाभूत प्रमाण विसरून ठळक उदाहरणांवर विसंबणे ही माणसाची जुनी खोड आहे.

संघाच्या पातळीवर तर स्टारचे म्हणणे आणखी स्पष्ट ऐकू येते. बड इलियट या क्रीडालेखकाने एक साधे गुणोत्तर लोकप्रिय केले: मागच्या चार वर्षांत भरती केलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक चार किंवा पाच स्टारची आहेत का? 2011 ते 2024 या हंगामांतील प्रत्येक राष्ट्रीय विजेता या अटीत बसत होता. अट पूर्ण करणारे संघ दरवर्षी दहा-पंधराच असतात आणि त्यांतला एकच जिंकतो, म्हणून विजेता सांगण्यासाठी हे गुणोत्तर निरुपयोगी आहे. कोण जिंकण्याची शक्यता जवळपास नाही, हे मात्र त्या हंगामांत ते चांगले सांगत आले.

एकट्या खेळाडूबद्दल डळमळीत असलेला अंदाज समूहाबद्दल इतका स्थिर का होतो? समजा, एका तुकडीत चार स्टारची वीस मुले आहेत आणि प्रत्येकाच्या मोठ्या यशाची संभाव्यता पाचात एक आहे. सरासरी अपेक्षा चार यशस्वी खेळाडूंची. पण प्रत्येकाचे नशीब इतरांपासून स्वतंत्र धरून गणित मांडले, तर या तुकडीतून एक किंवा शून्य यशस्वी खेळाडू निघण्याची शक्यता सुमारे 7 टक्के येते, आणि सात किंवा अधिक निघण्याची सुमारे 9 टक्के. म्हणजे तंतोतंत सारख्या दर्जाच्या दोन तुकड्यांपैकी एक फसलेली आणि दुसरी ऐतिहासिक वाटू शकते, आणि या फरकात प्रशिक्षकांच्या कौशल्याचा वाटा काहीच नसू शकतो. चार तुकड्या मिळून ऐंशी मुले झाली, की ही चढउतार प्रमाणाने निम्म्यावर येते. चाहते एका वर्षाच्या क्रमांकावर भांडतात, पण अर्थपूर्ण आकडा चार वर्षांच्या बेरजेचा असतो.

अंदाज चुकण्याचे दुसरे कारण मोजमापातच आहे. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर धावण्याची वेळ ही या खेळातली सर्वांत चर्चिली जाणारी संख्या. शालेय शिबिरांत ती अनेकदा हातातल्या स्टॉपवॉचने घेतली जाते. धावपटूचे अंग हलल्याचे दिसल्यावर बटण दाबायला माणसाला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होते. शेवटच्या रेषेवर मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीच तयार असतो आणि घड्याळ जवळजवळ वेळेवर थांबते. सुरुवातीचा उशीर शेवटी भरून निघत नाही आणि नोंदलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. ॲथलेटिक्समध्ये छोट्या शर्यतींची हाताने घेतलेली वेळ विद्युत वेळेशी ताडताना 0.24 सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, तो याचसाठी. शेवटच्या टप्प्यात धावपटू सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने जात असतो, तेव्हा दोन दशांश सेकंदांची चूक म्हणजे जवळजवळ दोन मीटरचे अंतर. 4.5 आणि 4.7 सेकंद या दोन आकड्यांवरून चाहते दोन मुलांमध्ये आकाशपाताळाचा फरक पाहतात, आणि कधीकधी तो फरक केवळ दोन घड्याळांचा असतो.

शरीर तर त्याहून बेभरवशाचे. आक्रमणफळीतील जाडजूड खेळाडू सतराव्या वर्षी जेवढा असतो, त्यावर चार वर्षांत पंधरा-वीस किलो चढणे नवलाचे नाही. ते वजन पेलून त्याची पावले तितकीच हलकी राहतील की नाही, हे त्या वयात कोणालाच दिसत नाही. ॲलनची उंची आणि वजनही शाळा संपल्यानंतर वाढले. उलट लवकर मिशा फुटलेला मुलगा शाळेच्या मैदानावर केवळ आकाराच्या बळावर इतरांना लोळवतो, आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की त्याचे वेगळेपण विरघळते. त्यातच चाहत्यांपुढे येणारी चित्रफीत निवडक क्षणांची असते. 1920 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने दाखवले होते, की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टींना संशयास्पदरीत्या सारखेच गुण देतात. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडते. उंच, रुंद खांद्यांच्या मुलाला खेळाची समजही चांगली असणार, असे पाहणाऱ्याला वाटून जाते.

टेक्सास ए अँड एमची 2022 ची तुकडी या सगळ्याचा उत्तम नमुना आहे. त्या काळच्या एकत्रित गुणांकाच्या हिशेबात ती तोवरची सर्वाधिक गुणांची तुकडी होती. पाच स्टारचे आठ खेळाडू एकाच वर्षी आले. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ही मुले विकत घेतली गेली असा जाहीर आरोप केला, ए अँड एमचे जिम्बो फिशर यांनी तो तितक्याच तीव्रतेने फेटाळला. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला लाखभर प्रेक्षक मावणाऱ्या आपल्याच काइल फील्डवर हा संघ ॲपलाचियन स्टेटकडून 17-14 असा हरला आणि हंगाम पाच विजय व सात पराभवांवर संपला. नोव्हेंबर 2023 मध्ये फिशर यांना दूर करण्यात आले. करारानुसार त्यांचे देणे साडेसात कोटी डॉलरहून अधिक होते.

भाकीत फसले, असे म्हणून अनेकांनी विषय मिटवला. मला ते घाईचे वाटते. नवखी मुले पहिल्या वर्षी संघ पेलत नाहीत, म्हणून 2022 च्या निकालात या तुकडीपेक्षा आधीच्या तुकड्यांचा आणि प्रशिक्षणाचा भाग मोठा होता. 2025 च्या ड्राफ्टमध्ये याच तुकडीतला वॉल्टर नोलेन सोळावा आणि शेमार स्ट्युअर्ट लगेच त्यापाठोपाठ सतरावा निवडला गेला. व्यक्तींबद्दलचा अंदाज निदान या दोघांपुरता चांगलाच बरोबर होता. पण नोलेन तोपर्यंत मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळत होता. स्ट्युअर्ट ए अँड एममध्येच राहिला, आणि तीन हंगामांत त्याच्या नावावर प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, पाडल्याच्या अवघ्या साडेचार नोंदी लागल्या. व्यावसायिक संघाने त्याला पहिल्या फेरीत घेतले ते पुन्हा एकदा शरीर आणि वेग पाहूनच. म्हणजे ‘यशस्वी’ कोणाला म्हणायचे हे आधी ठरवले नाही, तर एकाच तुकडीला उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण दोन्ही ठरवता येते.

आधी ठरवणे अवघड जाते, कारण स्मरणशक्ती दगा देते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन 1972 मध्ये पेकिंग आणि मॉस्कोला जाण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ बारूख फिशॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना त्या दौऱ्यांत काय काय घडेल याच्या संभाव्यता लिहायला सांगितल्या होत्या. दौरे आटोपल्यावर आपण काय लिहिले होते ते आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले असे त्यांना वाटत होते, त्याला आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त संभाव्यता दिली होती असे बहुतेकांना आठवले. ‘मी तेव्हाच म्हटले होते’ हे वाक्य चाहता खोटेपणाने उच्चारत नाही. त्याला खरोखरच तसे आठवत असते. त्यावर हवामानखात्यातून आलेला एक उपाय आहे. ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत भाकीत टक्क्यांत लिहून ठेवायचे आणि घडलेल्या गोष्टीला 1, न घडलेल्या गोष्टीला 0 मानून फरकाचा वर्ग काढायचा. हा मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत नियमित संघात येईल असे 70 टक्के खात्रीने लिहिले आणि तो आला, तर दंड 0.09, नाही आला, तर 0.49. पण 95 टक्के लिहून तो आला नाही, तर दंड 0.90 च्या वर जातो. पंचवीस मुलांचे असे आकडे लिहून ठेवणारा चाहता दोन वर्षांतच 95 लिहायचे सोडतो.

अलीकडे मात्र या गणिताचा पायाच हलला आहे. 2018 मध्ये बदलीसाठीचे ट्रान्सफर पोर्टल आले, 2021 मध्ये एका बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा आर्थिक मोबदला घेता येऊ लागला. इंडियाना विद्यापीठाने 2023 मध्ये बारापैकी तीन सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर खेळाडू सोबत आणले, त्यांत आणखी अनुभवी मुलांची भर घातली, आणि 2024 मध्ये संघ अकरा सामने जिंकला. यात चमत्कार शोधण्याची गरज नाही. बावीस वर्षांच्या खेळाडूचे शरीर घडलेले असते आणि त्याच्या नावावर विद्यापीठाच्या दर्जाचे काही हंगाम असतात, म्हणून त्याच्याबद्दलचा अंदाज सतरा वर्षांच्या मुलाबद्दलच्या अंदाजापेक्षा कमी चुकतो. शालेय तुकडीच्या मूल्यात आता आणखी एका संभाव्यतेने गुणावे लागते, ती म्हणजे मुलगा बहरात येईपर्यंत येथेच राहील का. जुलै 2025 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि देऊ केलेली रक्कम हाच खरे तर प्रशिक्षकांच्या खात्रीचा सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. पण त्या रकमा सहसा जाहीर होत नाहीत, म्हणून चाहत्यांच्या तक्त्यात तो रकाना तेवढा रिकामाच राहतो.