उसण पायाळूच्या पायानं जात नाही

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की विदर्भातल्या गावोगावी कमरा धरतात आणि पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाचा शोध सुरू होतो. त्यानं कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत. चार दिवसांनी बरं वाटतंही. पण साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. श्रेय मात्र पायाला! लाथ जोरात बसली तर आखडलेले स्नायू आणखी आखडतात. म्हातारपणी हाडं ठिसूळ असतील तर मणकाही मोडू शकतो.

दुसरी चूक म्हणजे आठवडाभर खाटेवर पडून राहणं. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपलात तर कंबर जास्तच ताठरते. दर एक-दोन तासांनी 5-10 मिनिटं अंगणात चाला. कोमट पाण्याच्या पिशवीनं, मध्ये कापड ठेवून, 15 मिनिटं शेका. उताणं झोपून गुडघे दुमडा, कंबर हळूच जमिनीला टेकवा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून दोनदा. कळ पायात उतरू लागली तर थांबा.

सोंगताना सतत वाकून राहू नका, अर्ध्या तासानं उभं राहून कंबर मागे ताणा. पोतं दोघांनी उचला, अंगाशी धरून, गुडघ्यांत वाकून. उचलताना पीळ नको.

लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल तरीही डॉक्टरांना दाखवाच.