रॅप अल्बमचे प्रकाशन, विलंब आणि प्रसिद्धी : खानदेश

तालावर यमकबद्ध बोलण्याच्या गीतांचा संग्रह म्हणजे रॅप अल्बम. जाहीर केलेल्या तारखेला तो न येणे या प्रकारात नेहमीचेच असून, त्याचे मूळ बहुधा रॅपच्या घडणीतच आहे. साधारणतः १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ही कला आकाराला आली, ती दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांतले तुकडे (सॅम्पल) पुन्हा पुन्हा वाजवून. १९९१ मध्ये तेथील संघ-न्यायालयाने असा तुकडा विनापरवाना घेतल्यावरून बिझ मार्की या रॅपकाराच्या अल्बमची विक्री थांबवली आणि तेव्हापासून परवानगीसाठी थांबणे भाग झाले. कंपनीशी असलेला करार हेच विलंबाचे मुख्य कारण, असेही मानले जाते. लिल वेन या अमेरिकी रॅपकाराचा २०१४ मध्ये अपेक्षित असलेला ‘था कार्टर ५’ अशाच वादामुळे सप्टेंबर २०१८ मध्ये आला. तथापि परवानगीचे कारण अधिक मूलभूत वाटते, कारण पदरच्या पैशाने गाणे काढणाऱ्यालाही ते चुकत नाही.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील अहिराणी रॅपकाराने हा मुद्दा विशेष जपायला हवा. कानबाई या खानदेशी लोकदेवीचे पारंपरिक गाणे कोणा एकाच्या मालकीचे नसले, तरी त्याच्या ध्वनिमुद्रणावर १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. म्हणून आजीच्या तोंडचे गाणे नव्याने गाऊन घेता येते, पण जुन्या कॅसेटमधला ढोलाचा तुकडा विचारल्याशिवाय उचलता येत नाही. यूट्यूबवर चढवलेले गाणे अशा तुकड्यापायी अडू शकते.

येथे उशीर मोजायचा तो पंचांगाने. नाचाचे गाणे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच्या लग्नसराईत हुकले आणि आषाढी एकादशीपर्यंतही आले नाही, तर तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला वराती नाहीत. कानबाईचे गाणे मात्र श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारच्या आत आलेच पाहिजे.

प्रसिद्धीसाठी रील आणि यूट्यूब ही साधने सर्वत्र सारखीच आहेत. खानदेशात त्यांच्याइतकेच महत्त्व हळदीच्या रात्रीला द्यावे लागते : डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये गाणे गेले आणि नाचणाऱ्या पोरांनी तेच पुन्हा लावायला सांगितले, की दुसऱ्या दिवशी वरातीत बँडवाल्यालाही त्याची चाल वाजवावी लागते.