अल्पाक्षरत्व

मोजक्या शब्दांत मोठा आशय सामावण्याच्या गुणाला अल्पाक्षरत्व म्हणतात. नुसता संक्षेप वेगळा. तारेच्या मजकुराला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक शब्द गाळत. तिथे खर्च वाचे, अर्थ वाढत नसे. अल्पाक्षर वचनात शब्दांहून अर्थ जास्त असतो आणि हा जास्तीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या अनुभवातून, शिक्षणातून किंवा इतिहासातून येतो. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात शब्दाची व्याप्ती सांगताना सूर्यबिंबाचा दाखला दिला आहे : बिंब दिसते मुठीएवढे, पण त्याच्या प्रकाशाला त्रैलोक्य अपुरे पडते.

संस्कृत परंपरेत सूत्राचे पहिले लक्षणच ‘अल्पाक्षर’ असे आहे. पण त्याला लागूनच ‘असंदिग्ध’ हे दुसरे येते. सुमारे 4000 सूत्रांच्या पाणिनीय व्याकरणात आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत गृहीत धरले जाते. एखादे सूत्र सुटे काढून वाचणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माएवढा आनंद होतो, असे वचन आहे. ती अर्धी मात्रा परवडते, कारण उरलेले सारे गुरूने शिकवलेले असते.

विदर्भात ही सूत्रशैली महानुभाव पंथामुळे मराठीत आली. चक्रधरस्वामींची वचने केशिराजांनी ‘सूत्रपाठा’त एकत्र केली. ‘महाराष्ट्रीं असावें’ ही दोन शब्दांची आज्ञा त्यांतलीच. तिच्यात राहण्याचे ठिकाण आहे आणि अनुयायांच्या दृष्टीने आचाराची शिस्तही. पंथाने मराठीत जे लिहिले, त्यालाही या आज्ञेची पार्श्वभूमी आहे. कोणते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हेही पंथाने जपून ठेवले. ही दूरदृष्टी थोर म्हटली पाहिजे, कारण प्रसंग हरवला की सूत्राचे कोडे होते. या वाङ्मयाच्या अभ्यासात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांचे काम पायाभूत आहे.

आधुनिक काळात नागपूर परिसराने दिलेले सर्वांत समर्थ अल्पाक्षर वचन म्हणजे ‘जय भीम’. या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते. ते विडी कामगारांचे संघटक होते आणि 1937 च्या निवडणुकीत प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले होते. सुरुवातीला ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर द्यायची कल्पना होती, असे सांगतात. पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झाले. त्याचे वजन समजायला आधी काय म्हटले जाई ते आठवावे लागते. महार समाजावर ‘जोहार मायबाप’ म्हणण्याची रीत लादलेली होती. त्या शब्दांत मान खाली जात असे. नव्या अभिवादनात दोघेही बरोबरीचे झाले. नेत्याचे नाव, चळवळीची ओळख आणि जुन्या लाचारीला नकार, एवढे सगळे चार अक्षरांत बसले. ज्याने जोहार ऐकला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्याबद्दल ऐकले, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1942 मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत शिक्षण, संघर्ष आणि संघटन यांचा त्रिपदी उपदेश पुन्हा दिला. 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे हेच ब्रीद होते. मराठीत ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे घरोघरी पोचले. तिन्ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत. उपमा नाही, विशेषण नाही. निरक्षर माणसालाही ते एकदा ऐकून पाठ व्हावे, ही त्यामागची गरज होती. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर झालेल्या धर्मांतरातील 22 प्रतिज्ञाही अशाच थेट वाक्यांच्या आहेत.

काव्यात या गुणाची कसोटी गझलेच्या शेराला द्यावी लागते. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात दीर्घकाळ राहिलेले सुरेश भट (1932–2003) यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना शेराची स्वायत्तता शिकवली : दोन ओळींत कविता पूर्ण झाली पाहिजे, पुढच्या शेराचा आधार घ्यायचा नाही. पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते, दुसरी तिला कलाटणी देते. काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) आधीच ठरलेले असल्याने कवीला मोकळी जागा फारच थोडी उरते. मुशायऱ्यात दाद दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर येते, कारण तोवर श्रोता तिथे पोचायच्या बेतात असतो.

रोजच्या नागपुरी बोलीतही हे आढळते. ‘हाव’ हा होकार सुरानुसार संमती, शंका किंवा कंटाळा सांगतो. ‘काऊन?’ मध्ये कारणाची चौकशी आणि नाराजी एकत्र येतात. ‘बे’ हा संबोधनाचा शब्द तर पूर्णपणे नात्यावर चालतो : बरोबरीच्या मित्राला तो जवळीक वाटतो, वडीलधाऱ्याला म्हटला तर भांडण उभे राहते.