चुलवणातला पिवळा जाळ

दिवाळीनंतर वाळवा-शिराळ्याकडं गुऱ्हाळं पेटली की रस्त्यानं जाणारा जाणता माणूस आधी धुराड्याकडं बघतो. पांढरा, जड धूर म्हणजे चिपाड (रस काढून उरलेला ऊस, तेच इथलं जळण) ओलं. काळा धूर म्हणजे घाईघाईनं एकदम जास्त जळण आत कोंबलंय. आणि धूर जवळजवळ दिसतच नसेल, तर चुलवणाच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी बसलेला गडी मुरलेला आहे असं समजावं.

आता घरातली गोष्ट घ्या. गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी पडली की आपण बर्नर साफ करायला काढतो, कारण पातेली काळी होतात. चुलवणात मात्र जाळ पिवळाधमक लागला की गूळ करणारा गुळव्या खूश. एकाच रंगाचा एका ठिकाणी राग आणि दुसऱ्या ठिकाणी कौतुक का, याचं उत्तर मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

अठराव्या शतकात युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की जळणाऱ्या वस्तूत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. 1770 च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं ही समजूत मोडीत काढली. जळणं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग, हे त्यानं वजनं करून दाखवलं. पण ज्योत उजेड का देते, हे तेव्हाही कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं. 1815 मध्ये तो कोळसा खाणीतल्या स्फोटांवर तोड शोधत होता. बारीक तारेच्या जाळीतून ज्योत पलीकडं जात नाही, कारण धातू तिची उष्णता ओढून घेतो, हे त्याला दिसलं आणि त्यातून खाणकामगारांचा सुरक्षित दिवा तयार झाला. या कामातच त्यानं ज्योतीच्या उजेडाचाही माग काढला. ज्योतीत कार्बनचे घन, सूक्ष्म कण तयार होतात, ते तापून लाल-पिवळे होतात आणि तेच उजेड देतात, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा पुरावा आपल्याकडं घरोघर होता. समईवर तांब्याचं ताट उपडं धरून आजी काजळ पाडायची, ते हेच कण. थंड ताटावर आपटले म्हणून जळायचे राहिले आणि तान्ह्याच्या डोळ्यात गेले.

डेव्हीच्या हाताखाली तयार झालेल्या मायकेल फॅरेडेनं 1860-61 च्या नाताळात लंडनला मुलांसमोर फक्त मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. ज्योतीच्या मधल्या काळपट भागात त्यानं काचेच्या नळीचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकातून मेणाची वाफ बाहेर आली आणि ती वेगळी पेटवता आली! म्हणजे ज्योतीच्या पोटात आग नसतेच, तिथं न जळलेलं इंधन असतं. हवा भेटते ती कडेला, आणि जळणं होतं तेही कडेलाच. चिपाडाचंही तसंच. आधी तापून त्यातून वायू सुटतात, मग ते वायू पेटतात. म्हणून चुलवणात चिपाडाचा भारा एकदम न टाकता मूठमूठ, सारखं घालत राहावं लागतं. भारा टाकला की वायू भसकन सुटतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो काळा धूर होऊन धुराड्यातून निघून जातो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेननं 1855 च्या सुमारास हवा आधीच मिसळून ज्योत निळी केली. तिच्यात काजळी नाही, म्हणून तिचा उजेडही नाही. आपली शेगडी त्याच वंशातली. ती भांड्याच्या बुडाला गरम वायू थेट घासवून उष्णता देते. चुलवणाची गोष्ट निराळी. तिथं काहिलीखाली (रसाच्या मोठ्या पसरट कढईखाली) मोठी पोकळी असते, आणि तिथं तापलेली काजळी व तापलेल्या भिंती न शिवताच, किरणांनी उष्णता फेकतात. ही फेक निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घाताप्रमाणं वाढते, हे 1879 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टेफाननं सांगितलं आणि 1884 मध्ये बोल्ट्झमननं सिद्धांतानं पक्कं केलं. जाळ 727 अंशांवरून 927 अंशांवर गेला तर किरणांची उष्णता दुप्पट होते. उलटही तेवढंच खरं. चिपाडातलं पाणी वाफ होताना जाळाचं तापमान पाडतं, आणि तापमान थोडं पडलं तरी उष्णता पुष्कळ पडते.

हा हिशेब आम्ही एका वर्षी अवकाळीत भोगलाय. चिपाडाची गंज भिजली होती. आदण (काहिलीतला एका वेळचा रस) संपता संपेना, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी, आणि गुळव्या ओरडतोय, “पोरा, जाळ वाढीव की!” जाळ दिसायला काही कमी नव्हता, पण काहिलीला लागतच नव्हता. रस फार वेळ उकळत राहिला, साखर फुटली (तिचं विघटन झालं) आणि ढेपा काळ्या, मऊ निघाल्या. बाजारात त्यांचं काय झालं ते सांगत नाही.

एवढी उष्णता लागते कशाला? हजार लिटर रस काहिलीत घेतला तर त्यातलं आठशे लिटरांहून जास्त पाणी उडवायचं असतं. रस उकळीला आणणं स्वस्तात होतं. महाग पडतं ते उकळलेल्या पाण्याची वाफ करणं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं 1760 च्या दशकात ही दडलेली उष्णता ओळखली. एक किलो पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत नेण्यास 75 किलोकॅलरी पुरतात, तेच वाफ करायला आणखी 540 लागतात.

शेवटी साधारण 118 अंशांना पाक गुळाला येतो. हल्ली काही ठिकाणी थर्मामीटर असतो, पण बहुतेक गुळव्ये थेंब गार पाण्यात सोडून गोळी वळून बघतात. या क्षणी जाळ ओढून भागत नाही. चुलवणाच्या भिंती तापून लाल झालेल्या असतात आणि जळण नसतानाही त्यांची उष्णता काहिलीवर पडतच राहते. अर्धा मिनिट उशीर झाला तरी गूळ करपतो. म्हणून गडी काहील उचलून वाफ्यात (गूळ गार करायच्या पसरट हौदात) ओततात, आणि तेवढा वेळ गुऱ्हाळात कुणी कुणाशी बोलत नाही.

जाळापासून भांडं दूर न्यायची दुसरी तऱ्हा सांगलीच्या हळदीत दिसते. पूर्वी हळदही काहिलीत, पाण्यात शिजायची. आता शेतावर ट्रॅक्टरमागं बॉयलर येतो. जाळ बॉयलरखाली, हळद बाजूच्या बंद ड्रममध्ये, मधे वाफेचा पाइप. गार हळदीवर वाफ परत पाणी होते आणि ब्लॅकच्या त्या 540 किलोकॅलरी तिथं सोडते. बॉयलरच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला मात्र आजही सरपण सुकंच लागतं.