लगक्रम: लघु, गुरू, गण आणि यती

पद्याच्या चरणात लघु आणि गुरू अक्षरे ज्या क्रमाने येतात तो लगक्रम. प्रत्येक चरणात हा क्रम ठरलेला असला की ते अक्षरगणवृत्त. मराठी कविता वृत्तात लावताना बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: अक्षरे उच्चार ऐकून नव्हे, तर लेखन पाहून मोजली जातात.

अक्षर उच्चारायला लागणारा वेळ मात्रांत मोजतात: लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. अ, इ, उ, ऋ असलेले अक्षर लघु (ल). आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले गुरू (गा). स्पष्ट उच्चारलेल्या अनुस्वाराचे आणि विसर्गाचे अक्षर गुरू. जुन्या छपाईतल्या 'हंसणें'मधला अनुस्वार नुसता टिंबापुरता आहे. तिथला 'ह' लघुच. लघु अक्षरापुढे जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागे आला, तर ते अक्षर गुरू होते: 'सत्य'मधला स, 'पक्षी'तला प. 'पुन्हा', 'तुम्ही', 'तुझ्या', 'दुसऱ्या' या शब्दांत मात्र आघात येत नाही, म्हणून पु, तु आणि 'दुसऱ्या'तला स लघुच राहतात. संस्कृतचा नियम इथे जसाच्या तसा लावला की चांगला चरणही मोडका वाटतो. चरणाच्या शेवटचे लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरू मानतात.

तीन अक्षरांचा एक गण. ही पद्धत प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदःसूत्रांपासून चालत आली आहे. आठही गण 'यमाताराजभानसलगा' या एका सूत्रात बसतात. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे उचलावीत: य गण म्हणजे य-मा-ता, अर्थात ल गा गा, स गण म्हणजे स-ल-गा, अर्थात ल ल गा.

भुजंगप्रयातात चार य गण, म्हणजे १२ अक्षरे. 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. मुद्दाम रचलेला एक चरण पाहा:

उन्हाळ्यामधे ही नदी आटलेली

उ-न्हा-ळ्या, म-धे-ही, न-दी-आ, ट-ले-ली: चारही गण ल गा गा. 'न्हा' हे जोडाक्षर म्हणून 'उ' गुरू धरला, तर पहिलाच गण म (गा गा गा) होतो आणि वृत्त चुकल्याचा भास होतो. उलट, लेखन सुधारायचे म्हणून 'मधे'चे 'मध्ये' केले, तर 'ध्ये'चा आघात 'म'वर येतो आणि चरण खरोखरच मोडतो. म्हणून कवी 'मधे' लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक दिलेली आहे. जुनी पद्ये आजच्या शुद्धलेखनात 'दुरुस्त' करणारे संपादक हे विसरतात: 'भक्तिपंथेचि'चे 'भक्तीपंथेची' केले की दोन ठिकाणी लघूचा गुरू होतो आणि भुजंगप्रयात उरतच नाही.

मोठ्या वृत्तांत चरण म्हणताना ठरलेल्या जागी क्षणभर थांबावे लागते, ती यती. शार्दूलविक्रीडितात (म स ज स त त ग, १९ अक्षरे; शेवटचा ग म्हणजे सुटे गुरू अक्षर) ती १२व्या अक्षरावर; मंदाक्रांतेत (म भ न त त ग ग, १७ अक्षरे) ४थ्या आणि १०व्या; मालिनीत (न न म य य, १५ अक्षरे) ८व्या. यतीवर शब्द मधेच फुटला तर तो यतिभंग. सामासिक शब्द दोन पदांच्या सांध्यावर फुटला तर चालवून घेतात. साधा शब्द फुटला की तो मोठ्याने म्हणताना लगेच खटकतो.

मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, गण लावू नयेत. तिथे मात्रांची बेरीज ठरलेली असते, त्यामुळे एका गुरूऐवजी दोन लघु चालतात. दिंडीच्या चरणात ९ आणि १० अशा १९ मात्रा. आर्येच्या चार चरणांत १२, १८, १२, १५. गीतीत १२, १८, १२, १८. मोरोपंतांची 'आर्या' म्हणून जी ओळखली जाते, ती बहुतेक ठिकाणी गीतीच आहे.

ओवी आणि अभंग हे छंद. त्यांत लघु-गुरूचा भेद पाळला जात नाही, फक्त अक्षरे मोजली जातात. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. लहान अभंगात ८ अक्षरांचे दोन चरण. म्हणताना यातले प्रत्येक अक्षर लांबवले जाते, म्हणून इथे 'मधे' आणि 'मध्ये' दोन्हींची किंमत दोनच अक्षरे.