मुलांचा मोकळा खेळ मोठ्यांच्या हातात कसा गेला: बडोद्याच्या बाजूने थोडी पार्श्वभूमी

मुलांना रोज थोडा वेळ मोकळं खेळू द्या, क्लास नको, कोच नको, असं हल्ली सगळेच सांगतात, बालरोगतज्ज्ञ सांगतात, शाळेच्या मीटिंगमध्ये सांगतात, व्हॉट्सॲपवर तर दर आठवड्याला एखादा फॉरवर्ड येतोच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी औषधासारखा खेळही चिठ्ठीवर लिहून द्यावा असं सुचवलं. मला हे वाचून पहिल्यांदा हेच वाटलं की जी गोष्ट पोरं कुणाला न विचारता करत होती ती डॉक्टरने लिहून द्यायची वेळ आलीच कशी. मोबाइलमुळे, असं पटकन म्हणतो आपण, पण मोबाइल ह्या गोष्टीत फार शेवटी येतो. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचे बरेच टप्पे आपल्या बडोद्यात घडलेत, म्हणून जरा मागे जाऊन लिहितेय.

मोकळा खेळ म्हणजे नुसता बाहेरचा खेळ नाही. कधी सुरू करायचा, कोणाला घ्यायचं, नियम काय, भांडण झालं तर काय करायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं ज्यात मुलंच ठरवतात तो मोकळा खेळ. दांडिया बझार, रावपुरा ह्या बाजूच्या वाड्यांमधून आणि पोळींमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, लगोरी चालायची तिचंच बघा. फुटक्या फरशीच्या सात ठिकऱ्या, एक रबरी बॉल, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसती वादावादी, कारण मराठी पोरांची एक पद्धत, गुजराती पोरांची दुसरी, पलीकडच्या पोळीतल्यांची तिसरी. बॉल ओट्याला लागून अंगावर आला तर आउट की नाही, गटारात गेला तर कोणी काढायचा, काकूंच्या वाळवणावर पडला तर कोणी माफी मागायची, सगळं जागच्या जागी ठरायचं. कोणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागलेला असायचा, त्याला कच्चा लिंबू करून घ्यायचे, म्हणजे तो पळणार, ओरडणार, पण त्याला आउट करायचं नाही. ही सोय कुठल्याही मोठ्या माणसाने शिकवलेली नाही, आणि मला तरी ती फार हुशारीची वाटते, लहानाला बाहेर न काढता खेळही चालू ठेवायचा. आणि बॉल ज्याचा तो चिडून घरी गेला तर खेळच संपला, त्यामुळे त्याला किती दाबायचं आणि किती सांभाळायचं हेही बाकीच्यांना कळायला लागायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे ह्यांचा मुद्दा हाच आहे की खेळ सोडून जायची मुभा प्रत्येकाला असते म्हणूनच मुलं एकमेकांचं मन ओळखायला शिकतात, कारण जबरदस्तीने कोणाला खेळवता येत नाही.

पण पूर्वी सगळंच छान होतं असं मी म्हणत नाहीये, पूर्वी बऱ्याच मुलांना वेळच नव्हता. शेतात काम, दुकानात काम, आणि मुलींच्या कडेवर तर धाकटं भावंड कायमचंच, सागरगोटे खेळतानासुद्धा एक डोळा त्याच्यावर. इथे सयाजीरावांचा विषय येतो. 1863 मध्ये नाशिककडच्या कवळाण्यात जन्मलेला, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा 1875 मध्ये दत्तक घेतला गेला आणि बडोद्याच्या गादीवर बसला, आणि त्याच राजाने पुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग करून बघितला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलांना 7 ते 12 आणि मुलींना 7 ते 10 ह्या वयात शाळा सक्तीची. किती मोठी गोष्ट आहे ही, बाकीच्या हिंदुस्थानात तेव्हा तसा कायदा नव्हता. हजारो मुलं कामातून सुटून शाळेत बसली. पण त्याचबरोबर मुलांच्या दिवसाचं वेळापत्रक पहिल्यांदा मोठ्यांनी ठरवलं, घंटा वाजली की आत, घंटा वाजली की बाहेर, आणि खेळ ह्या दोन घंटांच्या मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यानंतर असा एका बाजूला सरकला. त्यावेळी त्याने काही बिघडलं नाही कारण शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ अजून मुलांचीच होती.

दुसरा टप्पा जिमखान्यांचा, आणि हा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या हे मुळात गल्लीतलेच खेळ, गावागावाला वेगळे, दहा पोरं असली तरी चालतंय, चौदा असली तरी चालतंय. देशी खेळांना क्रिकेट-हॉकीसारखा मान मिळाला पाहिजे असं स्वदेशीच्या काळात मराठी माणसांना मनापासून वाटायला लागलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधायला घेतले. बडोद्यात 1923 मध्ये अखिल भारतीय स्पर्धा भरली तिथे हुतूतू ठरवून दिलेल्या नियमांनी खेळली गेली, आणि 1924 मध्ये खो-खोचे नियम बडोद्याच्या जिमखान्यातून छापून निघाले. प्रो. माणिकरावांचं बडोद्यातलं जुम्मादादा व्यायाममंदिर तर आपल्या सगळ्यांना माहितीच आहे, तिथे मलखांब, लाठी, कवायत, सगळं शिस्तीत. ह्या लोकांचे उपकारच आहेत, ते नसते तर आज खो-खो उरला असता का शंका आहे.

पण नियम छापले गेले की काय होतं ते बघा. खो-खोत आठ जण बसणार, एक पाठलाग करणार, म्हणजे नऊच. दहावा बाहेर. वेळ घड्याळावर, मैदान मापात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंच आला. आउट की नाही ह्यावर आता खेळणाऱ्यांनी भांडायचं नाही, शिट्टीवाला सांगेल ते ऐकायचं. कच्च्या लिंबाला नियमपुस्तकात जागा नाही. खेळ चांगला झाला, वेगवान झाला, स्पर्धा झाल्या, पण जे काम मुलं स्वतः करत होती, म्हणजे ठरवणं, वाद घालणं, मिटवणं, ते काम मोठ्यांकडे गेलं. आणि नेमकं तेच काम किती मोलाचं होतं हे कळायला पुढे काही वर्षं जावी लागली.

ते दाखवलं स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञाने. तो मुलांच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांचा गोट्यांचा खेळ बघायचा आणि त्यांना विचारायचा की हे नियम कोणी केले, ते बदलता येतील का. 1932 मध्ये त्याने ते छापलं. लहान मुलं म्हणायची नियम मोठ्यांनी केलेत, कायमचेच आहेत, बदलणं म्हणजे चीटिंग. आणि दहा-बारा वर्षांची मुलं म्हणायची सगळ्यांना मान्य असेल तर बदलू की. हा बदल पियाजेच्या मते मोठ्यांच्या उपदेशाने होत नाही, बरोबरीच्या मुलांशी रोज खेळून, वाद घालून होतो. न्याय म्हणजे काय हे मूल तिथे शिकतं. त्याच काळात रशियात लेव्ह वायगॉट्स्की ह्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलं की काठीला घोडा समजून पळणारं मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतंय, आणि खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. घरी दोन मिनिटं शांत न बसणारा मुलगा चोर-पोलिसात पहारेकरी झाला की दहा मिनिटं एका जागी उभा राहतो, हे ज्याच्या घरात मूल आहे त्याने बघितलेलंच असतं.

इकडे गुजरातमध्ये गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती ह्या शिक्षणसंस्थेत आले आणि 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं, माँटेसरीचं वाचून पण आपल्या मातीतलं, मुलांना मारायचं नाही, त्यांचं त्यांनाच करू द्यायचं. आणि त्यांच्या जोडीला आल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, पुढे 1945 मध्ये ताराबाई डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या, नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली, शिंपले, दगड, बिया हेच सामान. मराठी वाचकांना कोसबाड माहिती असतं पण त्याची मुळं भावनगरात आहेत हे बऱ्याचदा राहून जातं.

बडोद्यात हा विचार विद्यापीठात गेला. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, आणि सुरुवातीच्याच काळात गृहविज्ञान शाखा, त्यात बालविकास हा विषय आणि विभागाची स्वतःची बालवाडी, जिथे विद्यार्थिनी मुलांचं निरीक्षण करायला शिकतात. मूल खेळत असताना त्याला न अडवता नुसतं बघायचं, ही गोष्ट आपल्याकडे ट्रेनिंग म्हणून शिकवली गेली हे मला अभिमानाचं वाटतं. इथून शिकून कितीतरी जणी बालवाड्यांत गेल्या. 1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क जाहीरनाम्यात खेळाची संधी आली, 1989 च्या करारात कलम 31 मध्ये खेळ हा हक्क म्हणूनच लिहिला गेला, भारताने 1992 मध्ये तो करार स्वीकारला.

म्हणजे कागदावर खेळ वाढत गेला आणि त्याच वर्षांत प्रत्यक्षातली जागा कमी होत गेली. हे फक्त आपल्याकडेच नाही. डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाचा बागा आखणारा आर्किटेक्ट होता, त्याच्या लक्षात आलं की त्याने बांधलेल्या सुंदर क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या भंगारात जास्त रमतात, म्हणून 1943 मध्ये, जर्मनांचा ताबा असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुपमध्ये फळ्या, विटा, दोऱ्या टाकून भंगाराचंच मैदान सुरू झालं. युद्धानंतर ती कल्पना इंग्लंडने उचलली. त्याच इंग्लंडमध्ये 7-8 वर्षांची मुलं एकटी शाळेत जाण्याचं प्रमाण 1971 मध्ये 80 टक्के होतं ते 1990 मध्ये 9 टक्क्यांवर आलं, कारण रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि आईबापांची भीती वाढली. वीस वर्षांत एवढा फरक, आणि तेव्हा स्मार्टफोन नव्हताच.

आपल्याकडे तेच जरा उशिरा झालं. वाडे पाडून फ्लॅट झाले, लोक कारेलीबाग, मांजलपूर, गोत्री, वासणा रोडकडे सरकले, चौकाची जागा पार्किंगने घेतली आणि गेटवर पाटी लागली की कंपाउंडमध्ये बॉल खेळायला मनाई. आमच्या सोसायटीतही आहे ती पाटी. शाळा सुटल्यानंतरची ती संध्याकाळ, जी 1906 च्या कायद्यानंतरही मुलांकडे राहिली होती, ती ट्यूशन, स्केटिंग, अबॅकस, क्रिकेट अकादमीत वाटली गेली. आईबापांना दोष द्यायचा नाहीये मला, रस्त्यावर सोडायची भीती खरीच आहे आणि अकादमीत निदान पोरं पळतात तरी. पण तिथे टीम कोच पाडतो, भांडण कोच सोडवतो, वेळ संपली की आई गेटवर उभी असते. सयाजीबाग 1879 पासून आहे, विश्वामित्रीच्या काठाला एवढी मोठी जागा, पण रविवारी गाडीने नेऊन दोन तासांनी परत आणलेल्या मुलांची तिथे टोळी बनत नाही, टोळीला रोज भेटणारी तीच ती पोरं लागतात. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, मात्र अजून गच्चीवर हे दिसतं, कोणी फिरकी धरायची, कोणाचा पतंग काटायचा नाही, सगळे तह मुलं आपापसात करतात, पण तो सण दोन दिवसांचा.

आता 2020 चं शैक्षणिक धोरण आलंय आणि 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकणं ठळकपणे आहे, इतकंच नाही तर मुक्त खेळ, मार्गदर्शन केलेला खेळ आणि शिक्षकाने आखलेला खेळ असा फरकही नीट केलाय. मला त्याचा खरंच आनंद आहे. फक्त हा स्तर 3 ते 8 वर्षांचा. गोट्यांचे नियम बदलता येतात हे ज्या वयात पियाजेच्या मुलांना कळायला लागलं, ज्या वयात टोळी बनते, घरापासून चार गल्ल्या लांब जावंसं वाटतं, ते वय त्याच्या पुढे सुरू होतं. त्या मुलांसाठी धोरणापेक्षा सोसायटीच्या कमिटीची मीटिंग जास्त कामाची आहे, संध्याकाळी दीड तास एका बाजूच्या गाड्या बाहेर लावायचा ठराव, एक काका-काकू लांब खुर्ची टाकून बसणार पण पंच होणार नाहीत एवढी अट, आणि पाटी काढायची. आमच्याकडे पुढच्या मीटिंगसाठी हा विषय मी लिहून दिलाय.