बारा म्हणजे आठ: चौकाबारा आणि सारीपाट

“बारा बित्तु!” असं ओरडून काकूंनी सोंगटी आठ घरं पुढं सरकवली. माझा नऊ वर्षांचा पुतण्या तिथंच अडला. “बारा पडले तर बारा घरं जायचं की! आठच कशी गेलासा?” काकू अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत समजावत होत्या, “न्हाय रे बाळ, बारा म्हंजे आठ.” त्याला ते पटेना. शाळा बंद असली म्हणून गणित कुठं बदललंय?

हे २०२० च्या एप्रिलमधलं. त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या वाड्याचं मोठं दार बंद होतं आणि मागांची रोजची खटखट थांबली होती. ती खटखट आपल्याला ऐकू येत असते, हे ती थांबल्यावर कळलं. आत आम्ही सात माणसं, शिवाय मागच्या खोलीत कानडी काकू आणि त्यांची मुलगी. तिसऱ्या दिवशी आज्जी म्हणाली, “पट मांडा की रे.” इथूनच घोळ सुरू झाला, कारण आमच्या घरात ‘पट’ म्हणजे दोन वेगळे खेळ. काकूंसाठी तर त्यातला एक ‘कट्टे मने’.

जो पट खडूनं फरशीवर काढतात, तो चौकाबारा. महाराष्ट्रात याला चल्लस-आठ म्हणणारे पुष्कळ, काही ठिकाणी नुसतंच पटसोंगट्या. कानडीतलं ‘कट्टे मने’ म्हणजे कट्टा आणि घर. जो पट ट्रंकेतून काढून अंथरतात, अधिकाच्या चिन्हासारखा चार पंखांचा कापडी, तो सारीपाट. काटेकोर बोलायचं तर त्याच कापडावर कवड्यांनी खेळली तर पचिशी आणि लांबुळक्या फाशांनी खेळला तर चौसर किंवा खरा सारीपाट. पण आमच्याकडं कवड्या टाकूनसुद्धा सारीपाटच म्हणतात आणि त्यावरून कुणी भांडत नाही. भांडायला बाकीचं पुष्कळ असतं.

चौकाबाऱ्याला जवळजवळ काहीच लागत नाही. उभी-आडवी पाच-पाच, म्हणजे २५ घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यावर फुली. फुलीवर बसलेल्याला कुणी मारू शकत नाही. सोंगट्या म्हणून एकाला तुरीचे दाणे, दुसऱ्याला फुटक्या बांगड्यांचे तुकडे, तिसऱ्याला शर्टाची बटणं, चौथ्याला खडे. कवड्या नसल्या तर चिंचोके.

हे चिंचोके करणं हाच एक खेळ आहे. चिंचोक्याची एक बाजू खरबरीत दगडावर घासत राहायची. तपकिरी साल जाते आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. पुतण्या मागच्या पायरीवर बसून दोन दुपारी तेवढंच करत होता. भराभर घासलं की चिंचोका तापतो आणि बोटाला चटका बसतो. मग तो फेकायचा, फुंकर मारायची, परत उचलायचा. आज्जीनं पायरीवर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि म्हणाली, “आता घास, सावकाश.” दोन फुटले, चार जमले. त्या दोन दुपारी त्यानं एकदाही मोबाईल मागितला नाही, ही नोंद मुद्दाम करून ठेवतो.

चार चिंचोके टाकायचे आणि जितके पांढरे वर, तितकी घरं जायचं. चारही पांढरे पडले की चौका, म्हणजे चार. चारही तपकिरी पडले की शून्य नाही, उलट सगळ्यात मोठं दान, आठ. त्या आठाचं नाव बारा. काकूंच्या कानडीत बाराला ‘हन्नेरडु’ म्हणतात, त्यामुळं ‘बारा’ हे त्यांना त्या दानाचं नुसतं नाव वाटतं, अडचण होत नाही. मराठी कानाला मात्र तो आकडा ऐकू येतो. पुतण्याचं भांडण असं भाषेतलं होतं. शेवटी त्यानं फरशीच्या कडेला खडूनं लिहून ठेवलं: ‘बारा = ८ (फक्त इथे)’.

चौका किंवा बारा पडला की परत टाकायला मिळतं. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चार चिंचोक्यांच्या १६ शक्यतांत चौका एकदा आणि बारा एकदा. दोन मात्र सहा वेळा. म्हणून सगळे दोन-दोन घरं कुथत जातात आणि मधेच कुणीतरी उडी मारतं.

वाट अशी: बाहेरच्या १६ घरांची फेरी एका दिशेनं, मग आतली आठ घरं उलट्या दिशेनं, मग मध्यावर. एका सोंगटीला जेमतेम २४ पावलं. पण आत शिरायला एक अट आहे: दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारलेली पाहिजे. आमच्या आज्जीचं घोडं इथंच अडायचं. नातवाची सोंगटी समोर असली की तिला नेमकं दुसरं काहीतरी चालायचं सुचे. बाहेरच्या बाहेर फिरत राहायची बिचारी. पुतण्यानं मात्र तिच्या तीन सोंगट्या एका संध्याकाळी मारल्या आणि नाचला.

सारीपाटात अशी दयामाया चालत नाही, कारण तिथं माणूस एकटा नसतो. चारजण खेळतात, पण समोरासमोरचे दोघं भिडू. पिवळ्या-काळ्या एकीकडं, लाल-हिरव्या दुसरीकडं. भिडूच्या सोंगट्या अडकल्या असतील तर आपण आधी पोचून काही मिळत नाही. दोघांच्या आठही सोंगट्या घरी गेल्या की मगच डाव. त्यामुळं “तू ती का चाललीस?” हा प्रश्न बायकोनं नवऱ्याला विचारायची ही हक्काची जागा आहे.

आकारानंच हा खेळ वेगळा. प्रत्येक पंखात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४. चार पंखांची मिळून ९६ घरं आणि मध्ये मोठं घर. फुल्या पाचच्या जागी बारा. इथं बारा म्हणजे बाराच! एक सोंगटी आपल्या पंखातून उतरून सगळा पट फिरून परत येईपर्यंत ऐंशीच्या वर घरं चालते. अशा चार. कवड्या सहा: दोन ते सहा उघड्या पडल्या तर तितकेच, एकच उघडी पडली तर दहा, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. पचिशी हे नाव त्या पंचविसावरून. सात कवड्यांची मोजणी वेगळी असते आणि घरोघरचे नियमही बदलतात. म्हणून पहिल्या कवडीआधी ठरवून घ्यावं. नंतर ठरवायला गेलात तर डाव तिथंच मोडतो.

मोबाईलवरचा ल्युडो हा या पचिशीचाच नातू. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचं पेटंट झालं. कवड्यांच्या जागी एक फासा आला आणि भिडू गेला. तो आम्हीही खेळलो, खोटं कशाला बोलू. पण सगळे एकाच खोलीत बसून आपापल्या पडद्याकडं बघत होतो, म्हणून आज्जीनं बंद केला.

कुठला खेळ कधी मांडावा याचं माझं मत अनुभवातलं आहे. २१ दिवसांची टाळेबंदी १४ एप्रिलला संपणार या आशेवर होतो तोवर चौकाबारा पुरला. अर्ध्या तासात एक डाव, हरलेल्याला लगेच दुसरा, पोरं खूष. मुदत ३ मेपर्यंत वाढली त्या संध्याकाळी कुणालाच चिंचोक्यांना हात लावावासा वाटेना. भावानं न बोलता ट्रंक उघडली. सारीपाट एकदा मांडला की रात्री जेवायला उठावं लागतं, पट तसाच राहतो, सकाळी चहा पिता पिता परत कुणीतरी कवड्या उचलतं. काही डाव दोन-दोन दिवस चालले. घरात पोरं जास्त असतील तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. अर्ध्यात कुणीतरी पटावरून धावतंच.

आणखी एक फरक लांबच्या माणसांमुळं कळला. माझी आत्या शिनोळीला, म्हणजे सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. एरवी ती बाजाराला बेळगावात येते आणि आमच्याकडं जेवून जाते. सीमेवर तपासणी बसली आणि ती तिकडं अडकली. तिच्याकडं कापडी पट नव्हता, पण खडू होता. मग दोन्ही घरांत फरशीवर पट काढले. व्हिडिओ कॉलवर तिनं टाकायचं, आम्ही तिची सोंगटी इकडं सरकवायची, तिनं आमच्या तिकडं.

मोबाईल तिनं तांदळाच्या डब्याला टेकवलेला असायचा, त्यात तिचा चेहरा आणि मागचा पंखा तेवढा दिसायचा. चिंचोके कधीच दिसले नाहीत. “बारा पडला गं वैनी!” ती ओरडायची, लगेच परत टाकायची, आणि परत बारा. १६ त एकदा पडणारं दान तिला एका डावात पाच वेळा पडलं. पुतण्यानं तोंड उघडलं होतं, पण आज्जीनं त्याच्या मांडीला चिमटा काढला आणि आत्याची सोंगटी आठ घरं पुढं सरकवली.